बुजगावण्याच्या उलटं काम

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यात आली की शाळा सुटल्यावर मी माळ्यावर चढायचो. हातात गोफण, खिशात खडे, आणि घसा बसेपर्यंत हाळ्या. पाखरं उठवायची, एवढंच काम. इंग्लंडमध्ये श्रॉपशरला राहायला आल्यावर तिथल्या एका मेंढ्यावाल्या शेतकऱ्याने 'कावळ्यांचं काही करशील का' असं विचारलं, तेव्हा मला तेच आठवलं. त्याला मात्र कावळे हाकलून नको होते. ते तो रोज हाकलत होता आणि ते रोज परत येत होते.

या माणसाच्या शेतावर मी शनिवार-रविवारी कुंपणं बांधायला जातो. त्याच्या मेंढ्या मार्च-एप्रिलमध्ये उघड्या रानात वितात. मेंढी वेणा देत पडलेली असते, कोकराचं नुसतं तोंड बाहेर आलेलं असतं, आणि कावळा चालत येतो. डोळा आणि जीभ. पोटुशी जड मेंढी उताणी पडली की तिला स्वतःला उठता येत नाही, मग तिचाही डोळा. त्याने मला एक कोकरू दाखवलं. ते उभं होतं, आईला हुंगत शोधत होतं, आणि त्याला डोळे नव्हते. मी त्या दिवशी 'हो' म्हणालो.

इथला हा कावळा म्हणजे कॅरियन क्रो, आपल्या डोमकावळ्याचा जवळचा भाऊ. चोचीपासून शेपटीपर्यंत काळा, मानेवर राखाडी रंग नाही.

मोसम हातचा गेला होता, पण पुढच्यासाठी २०२३ मध्ये शॉटगनच्या परवान्याचा अर्ज केला. तो पोलिसांकडे करायचा असतो. नागरिकत्वाची अट नाही, तरी प्रत्येक पत्ता, प्रत्येक आजार लिहावा लागतो. माझ्या वेळी ओळखणाऱ्या एका माणसाचा दाखला आणि डॉक्टरांचं वैद्यकीय पत्र लागलं. त्या पत्रातच माझे दोन महिने गेले. तेव्हा शुल्क साडेएकोणऐंशी पौंड होतं. फेब्रुवारी २०२५ पासून ते १९४ पौंड झालं आहे. परवाना पाच वर्षं चालतो.

मग पोलिसांचा अधिकारी घरी आला. भिंतीला बोल्टांनी आवळलेलं लोखंडी कपाट हलवून पाहिलं, आणि किल्ली कुठे ठेवणार हे विचारलं. बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिच्यासमोरच सांगितलं, की ही जागा हिलाही कळता कामा नये. आमच्या घरात तोपर्यंत कुठलीच किल्ली कुणापासून लपलेली नव्हती. तिला ते लागलं, आणि मला ते अजून आठवतं. पण नियम बरोबर आहे.

परवाना बंदूक बाळगण्याचा. कावळा मारण्याची मुभा वेगळी, आणि खरा अभ्यास तिथेच होता. इंग्लंडमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. शेतीचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी काही ठरावीक पक्ष्यांपुरती 'जनरल लायसन्स' नावाची सवलत निघते. तिचा क्रमांक जीएल ४२. अर्ज करावा लागत नाही, पण वाचावी लागते, कारण तिच्या अटी मोडल्या की तो सरळ गुन्हा. शिकारीची हौस हे कारण त्यात बसत नाही, आणि न मारता जमण्यासारखे उपाय आधी करावे लागतात. त्या यादीत आपला राघूही आहे. तोच, गळ्यात कंठ असलेला, आमच्या ज्वारीची कणसं कुरतडणारा. लंडनच्या बागांत त्याचे थवेच्या थवे आहेत. यादीत त्याचं नाव वाचून मी बराच वेळ थांबलो.

म्हणून आधी उपाय. विणाऱ्या मेंढ्या घराजवळच्या रानात आणल्या. पडलेली वार लगेच उचलायची, कारण कावळे मुळात ती खायला येतात. पाखरं पळवायला नुसता मोठा आवाज करणारी गॅसची तोफ लावली. चौथ्या दिवशी कावळे तिच्यावरच बसलेले दिसले. हे सगळं मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं. जो कुणी हे करेल त्याने वही ठेवावीच.

सगळ्यात जास्त भीती मला ओळख चुकण्याची होती. या भागात रेव्हनही आहे. तो कावळ्याहून बराच मोठा, शेपटी पाचरीसारखी, आवाज खोल घशातून. त्याला या सवलतीत जागा नाही. शिवाय रूक: चोचीच्या बुडाशी पांढुरकी उघडी कातडी, मांडीवर ढगळ विजारीसारखी पिसं. रूक यादीत आहे, पण तो गवताची मुळं खाणाऱ्या अळ्या टिपतो, म्हणून शेतकऱ्याने बजावलं, 'त्याला हात लावायचा नाही.' अख्खा हिवाळा मी नुसती दुर्बीण घेऊन बसलो आणि एका बाजूला क्लबात चकत्या उडवून नेम शिकलो. माझ्या मते या कामात बंदूक शिकणं सोपं आहे, पक्षी शिकणं अवघड.

२०२४ चा मार्च. पहिल्या सकाळी दहा नकली कावळे रानात मांडले आणि कुंपणालगत जाळीच्या लपणात बसलो. उजाडलं. दोन कावळे आले, लांबूनच एक घिरटी घातली, काहीतरी ओरडले आणि गेले. त्या दिवशी पुन्हा त्या रानात कावळा उतरला नाही. उठून पाहिलं तर चूक लख्ख दिसत होती. प्लास्टिकचे गुळगुळीत कावळे दवाने भिजून चकाकत होते. खरा कावळा असा चकाकत नाही. आणि माझा चेहरा उघडा होता. वर पाहणारं माणसाचं तोंड कावळ्याला इतर कशाहीआधी दिसतं.

दुसरी चूक शेतकऱ्याने दाखवली. शरदात कापलेल्या रानावर तरुण, बिनघरट्याच्या कावळ्यांचे थवे फिरतात; तिथे दहा-पंधरा नकली पक्षी चालतात. वसंतात कोकरांवर येणारी जोडी बहुधा त्याच रानाची मालक असते. तिला मेजवानी दाखवायची नसते, घुसखोर दाखवायचा असतो. दहा परके पाहून ती सावध होते. एक-दोन पाहिले की भांडायला येते.

मग मखमली लव असलेले दोनच कावळे घेतले. एक जमिनीवर, वाऱ्याकडे तोंड करून, कारण पक्षी पिसांत वारा घुसू देत नाही. दुसरा कुंपणाच्या खांबावर, राखणीला. जमिनीवरचा बरोबर तीस पावलांवर ठेवला, म्हणजे त्याच्यापलीकडचा पक्षी आपला नाही हे मनाला वेगळं सांगावं लागत नाही. लपण हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणात दाबून बसवलं, त्याच कुंपणाच्या फांद्या खोवल्या. डावी-उजवीकडे दोन काठ्या रोवल्या. त्यांच्याबाहेर नळी वळवायची नाही, कारण डावीकडे मेंढ्या आणि उजवीकडे पायवाट. काडतुसं सहा नंबर छर्ऱ्यांची, आत प्लास्टिकऐवजी तंतूंची डाट, म्हणजे रानात कचरा पडत नाही. चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे.

बसल्या बसल्या मनात आलं, की माळ्यावर आमचं बुजगावणं पाखरांना 'येऊ नका' सांगत उभं असायचं. हा मखमली कावळा 'ये' म्हणून सांगतो. ते फसवणं मला जड गेलं, गोळीपेक्षाही जास्त.

नर आवाज न करता आला. कुंपणाच्या वरून, खाली, पाय पुढे काढून थेट नकली कावळ्यावर. मी उठलो, पहिला बार हुकला, दुसऱ्याला पडला. मी बंदूक उघडून रिकामी केली आणि चालत गेलो. हातात घेतला तर ऊब होती आणि वजन वाटलं त्याहून फारच कमी.

वडिलांच्या दहाव्याला आम्ही पिंडापुढे दीड तास उभे होतो. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. काकांनी हात जोडून सांगितलं, 'दादा, आईची काळजी आम्ही घेऊ', आणि मग एक उतरला. मला त्या रानात तोच आठवला. मी आईला फोन केला, लपवून ठेवणं शक्यच नव्हतं. कोकराचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आरं, मुकं जनावर व्हतं ते. जेवडं लागतं तेवडंच कर. पर पितरपाटात बंदुकीला हात लावू नगंस."

त्या मोसमात मी सहा सकाळी बसलो आणि तीन कावळे मारले. मादी दोनदा आली आणि दोन्ही वेळा उजव्या बाजूने, जिथे पायवाट होती. मी बंदूक उचलली नाही. वार उचलणं आणि मेंढ्या जवळ ठेवणं याचा गुण बंदुकीहून जास्त आला असं मला वाटतं, आणि शेतकऱ्यालाही मी ते सांगितलं. त्या वसंतात आमच्याकडे आंधळं कोकरू एकच निघालं.

सप्टेंबरात त्याचा निरोप आला, की चाऱ्याच्या गाठोड्यांचं प्लास्टिक कावळे फाडतायत, पाणी शिरून आतला चारा कुजेल, शनिवारी ये. मी म्हटलं, सर्वपित्री अमावास्येनंतर येतो, तोवर गाठोड्यांवर जाळं टाकू. कारण विचारल्यावर मी वडिलांपासून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेला आणि तारीख विचारून २ ऑक्टोबरवर पेन्सिलीने गोल केला. पुढच्या वर्षीची तारीखही त्याने तेव्हाच विचारून ठेवली.