राणी सारखं पाणी का पीत होती

आमची कुत्री राणी ८ वर्षांची, हीट येऊन (माजावर येऊन) दीडेक महिना झाला होता आणि अचानक सारखं पाणी प्यायला लागली, जेवणाला तोंड लावेना, मला वाटलं उन्हाळा आहे म्हणून असेल. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर गर्भाशयात पू! याला पायोमेट्रा म्हणतात. हीटनंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोनेक महिने वाढलेलं राहतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि आत शिरलेल्या ई. कोलायसारख्या जंतूंना आयतं घर मिळतं. स्वीडनमध्ये नसबंदी सरसकट करत नाहीत, तिथल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत १० वर्षांपर्यंत साधारण चार माद्यांमागे एकीला हे झालेलं दिसतं, वाचून मी हादरलेच. लघवीचं इन्फेक्शनही माद्यांनाच जास्त, त्यांची मूत्रनलिका आखूड असते ना. नर सुटले असं नाही हां, नसबंदी न केलेल्यांना प्रोस्टेटचं इन्फेक्शन होतं.

आणि स्राव बाहेर दिसेलच असं नाही, राणीचा एक थेंब दिसला नव्हता, गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साठतो आणि ते जास्त धोक्याचं. त्याच रात्री ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. आता टाके सुकलेत, सकाळी पोळीच्या तुकड्यासाठी ओट्याजवळ येऊन बसते.