ताप नाही ना, मग बसा!
बाबांच्या न्यूमोनियाला दोन महिने होत आले तरी त्या कॅज्युअल्टीच्या काउंटरचा राग काही जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबा ७८ वर्षांचे. खोकला जेमतेम, ताप अजिबात नाही, फक्त दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मलाच विचारतात, "तू कोण गं?" आदल्या दिवशी याच माणसानं अख्खं शब्दकोडं सोडवलं होतं.

काउंटरवर पहिला प्रश्न, ताप किती? नाहीये म्हटल्यावर बाईंनी फॉर्मवर टिक केली, बसा, नंबर येईल. तासाभरानं परत गेले तर म्हणे, वय झालं की विसरतातच हो. अहो, विसरणं वेगळं आणि एका रात्रीत भ्रम होणं वेगळं! दोन तास गेले, तीन गेले, बाबा व्हीलचेअरवर मान टाकून, मी आपली काउंटर ते खुर्ची फेऱ्या मारतेय. चौथ्या तासाला काय सुचलं कोण जाणे, मोबाईलवर वेळ लावून त्यांच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ३२! काउंटरवर जाऊन एवढंच म्हटलं, "मिनिटाला ३२ श्वास चाललेत आणि कालपर्यंत नीट बोलत होते." लगेच आत घेतलं. रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के, म्हणजे कमी, एक्सरेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा.

आतले डॉक्टर म्हणाले, या वयात इन्फेक्शन असूनही ताप येईलच असं नाही, गोंधळणं, पडणं, जेवण सुटणं हीच लक्षणं असू शकतात, आणि श्वास ३० किंवा वर म्हणजे गंभीर. मग हे बाहेरच्या फॉर्मवर का नाही?

पुढे ऑक्सिजन, शिरेतून अँटिबायोटिक, नवव्या दिवशी घरी.

तर फॉर्मवर "विसरतात" लिहू नका, "कालपासून अचानक भ्रम" असं लिहा. हां, ऑक्सिमीटर लावताना बोट गार असेल तर आकडा चुकतो, आधी हात चोळून गरम करा. घरी भरवताना ताठ बसवायचं आणि जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, घास श्वासनलिकेत गेला तरी न्यूमोनिया होतो. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस आणि दरवर्षीची फ्लूची, दोन्ही आमच्या राहूनच गेल्या होत्या, ती चूक माझी. अशक्तपणा मात्र आठवडेच्या आठवडे राहतो, घाई करू नका.

सहा आठवड्यांनी परत एक्सरेला गेलो. तेच काउंटर, तोच फॉर्म. "ताप आहे का?" बाबाच म्हणाले, "तेव्हाही नव्हता."