तुम्ही विचारलंत म्हणून: दुगाझाँ नवऱ्याची बाजू की बायकोची?

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दुगाझाँ या नटांच्या कुटुंबाविषयी बोलले की प्रश्न ठरलेला असतो: नवरा, नट दुगाझाँ, क्रांतीचा; बायको, गायिका-नटी लुईझ, राणीची; तुम्ही कोणाच्या? मी म्हणते, नणंदेच्या. नवऱ्याची बहीण, नटी मादाम व्हेस्त्रिस. १७८९ मध्ये शेनिएच्या 'चार्ल्स नववा' या नाटकात राजमाता कातरिन द मेदिसी तिने रंगवली आणि १७९१ मध्ये भाऊ दुगाझाँ आणि नट ताल्मा यांच्याबरोबर कॉमेदी-फ्रांसेझ ही जुनी कंपनी सोडली. पण तिच्यात कोणाला रस नसतो. तुम्हाला हवं असतं नवरा-बायकोचं भांडण, आणि त्यांचा संसार तर क्रांतीच्या आधीच मोडला होता!

एके काळी मी सरळ नवऱ्याची वकिली करायचे. ज्या नटांना चर्च दफनसुद्धा नाकारायचं, त्यांना डिसेंबर १७८९ मध्ये नागरिकाचे हक्क मिळाले. अशा माणसाने क्रांतीशी इमान राखलं तर त्यात संधिसाधूपणा कसला? आजही हेच म्हणते. फक्त १७९३ चा सप्टेंबर आला की आवाज खाली येतो. क्रांतिविरोधी ठरवलेल्या 'पामेला' नाटकापायी त्याचे जुन्या कंपनीतले सहकारी तुरुंगात गेले आणि त्याच्या नाट्यगृहाचा पडदा रोज वर जात राहिला.

आणि मग ती फेब्रुवारी १७९२ ची संध्याकाळ. पॅरिसच्या कॉमेदी-इतालिएन नाट्यगृहात संगीतकार ग्रेत्रीचं संगीतनाटक 'लेझेव्हेन्माँ झँप्रेव्ह्यू', बॉक्समध्ये मुलांसह राणी मारी आंत्वानेत. नोकर आणि दासी यांचं द्वंद्वगीत: तो धन्यावरचं प्रेम गातो, ती धनिणीवरचं. 'माझी मालकीण मला किती प्रिय', ही ओळ लुईझ दुगाझाँने राणीकडे वळून, लवून म्हटली. पिटातून ओरडा झाला: मालकीण नको, मालक नको, स्वातंत्र्य! वरून उत्तर आलं: राणी चिरायू होवो! मग हाणामारी. राणीची सेविका मादाम कांपां लिहिते की जॅकोबिनांच्या, म्हणजे कट्टर क्रांतिवाद्यांच्या, काळ्या केसांचे झुपके नाट्यगृहात उडत होते. केसांना पावडर लावणं तेव्हा त्यांनीच काय ते सोडलं होतं. राजाची बहीण एलिझाबेथ पत्रात खुशीत सांगते की गाण्याला वन्समोअर मिळत गेले, चार वेळा म्हणावं लागलं, आणि 'त्यांना सुखी करायला हवं' या ओळीला बरंचसं थिएटर 'हो, हो' म्हणालं. तिथे असलेली एक इंग्रज बाई मात्र म्हणते की सहकाऱ्यांनी लपवलं नसतं तर लुईझ जिवंत सुटली नसती. राणी त्यानंतर कधी नाटकाला गेली नाही. लुईझही पुढची काही वर्षं रंगमंचापासून दूर राहिली.

याला धैर्य म्हणायचं? मी म्हणते. पण लगेच मनात येतं, ओळ तर संहितेतलीच होती, तिने फक्त मान वळवली. शिवाय हे तिन्ही साक्षीदार राणीच्या गोटातले! आणि कसलेल्या नटीला टाळी कुठे आहे हे कळत नसतं, असं मला कोणी सांगू नये. पहिल्यांदा ती राणीसाठी लवली असेल, हे मी मानते. चौथ्यांदा कोणासाठी लवली, हे तुम्ही सांगा, मग मी बाजू घेते. तोवर माझं मत नणंदेलाच.