दुसरी बाटली : आमच्या लॅबची वाटचाल

सुरुवात झाली ती सोलापुरात सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज आणि मी. भाडं निघायचं शुगर-थायरॉइडवर, आजही त्यावरच निघतं. लघवीतल्या पेशींमधून कर्करोग शोधणाऱ्या तपासणीवर, म्हणजे युरिन सायटॉलॉजीवर, कुणी बंगला बांधल्याचं ऐकिवात नाही. झोप मात्र तिनंच उडवली.

पहिल्याच मे महिन्यात बार्शीहून एका आजोबांचा नमुना आला. पहाटेची पहिली लघवी, एसटीनं, साध्या पिशवीतून. स्लाइडवर पेशी फुगलेल्या, कडा विरलेल्या, केंद्रकं काळवंडलेली, मधेमधे पुंजके. मी ‘संशयास्पद’ लिहून मोकळा झालो. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं तर निघाला मुतखडा! खड्यानं खरवडून निघालेले पुंजके गाठीसारखेच दिसतात, आणि रात्रभर मूत्राशयात राहिलेल्या पेशी तशाही कुजतात. वर आपलं सोलापूरचं ऊन. त्या घरानं ते आठ दिवस कसे काढले असतील, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून पहिली लघवी बंद. दुसरी हवी, निदान तीस मिली, लागोपाठ तीन दिवस, आम्ही दिलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत. कलेक्शनची पोरं कुरकुरली, कारण प्रेग्नन्सी टेस्टमुळे ‘सकाळची पहिली’ हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. फॉर्मही वाढवला: खडा, कॅथेटर, मूत्राशयाच्या कर्करोगावर दिलेले बीसीजीचे डोस, किडनी बदललीय का. किडनी बदललेल्यांत बीके विषाणूनं बिघडलेली पेशी हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेते. विडी-तंबाखू आणि ‘डाईंगला (सूत-कापड रंगवायच्या कामाला) होता का?’ हे रकाने आपल्या गावासाठी. बेंझिडीनच्या रंगांचं आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचं नातं जुनं आहे.

2016 मध्ये पॅरिस सिस्टिम, म्हणजे युरिन सायटॉलॉजीचे रिपोर्ट लिहायची ठरीव पद्धत, आली आणि हात जरा स्थिर झाला. त्याआधी ‘अ‍ॅटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळी पेशी) हा शेरा म्हणजे अडगळीची खोली, कळलं नाही की टाक तिथं. आता केंद्रकानं निम्म्याहून जास्त पेशी व्यापली तर थांबायचं. केंद्रकाचं पेशीशी प्रमाण 0.7 च्या वर गेलं, रंग गडद, कड वेडीवाकडी आणि अशा पाच-दहा पेशी असतील, तरच ‘हाय-ग्रेड’, म्हणजे झपाट्यानं वाढणारा कर्करोग, म्हणायचं. लो-ग्रेडच्या, म्हणजे संथ वाढणाऱ्या गाठीच्या, पेशी मात्र सभ्य माणसासारख्या दिसतात, त्या बहुतेकदा निसटतातच. म्हणून फोन येतो, “निगेटिव्ह आलंय, दुर्बीण टाळली तर चालेल ना?” लघवीतून रक्त जात असेल तर नाही चालणार. हे वाक्य आता रिपोर्टवरच छापतो.

पूर्व भागातले एक निवृत्त डाईंग कामगार आमच्याकडे आले होते. पहिले दोन दिवस स्लाइड स्वच्छ. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात नऊ पेशी, शाईच्या ठिपक्यांसारख्या. बायोप्सीनं तेच सांगितलं. उपचार झाले, आता ठरल्या तारखांना तपासणीला येतात. दारातूनच बाटली उंचावतात, “दुसरीच हाय डॉक्टर, चहा पिऊन झाल्यावरची.”