तुम्ही विचारलंत म्हणून : .३१८ची काडतुसं घरी भरता येतात का?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाने येतो. वेस्टली रिचर्ड्सची जुनी .३१८ वारशाने किंवा लिलावात हाती आली आहे, रायफल अजून झकास आहे, पण काडतुसं एकतर मिळत नाहीत किंवा एकेकाची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘.३०-०६च्या पुंगळ्या घे, तोंड रुंद कर, की झालं.’ (.३०-०६ हे प्रचलित अमेरिकन काडतूस; पुंगळी म्हणजे काडतुसाची पितळी नळी.) एवढं सोपं आहे का?

पुंगळीपुरतं विचाराल तर जवळपास तेवढंच सोपं आहे. माणसं फसतात ती गोळीत, आणि फसवतं ते रायफलचं नावच.

त्याआधी एक गोष्ट. भारतात राहणाऱ्यांनी यातलं काही करायचं नाही. रायफल परवान्यावर असली तरी काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९खाली वेगळा परवाना लागतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा ‘दारूगोळा’ यातच मोडतात. खडकीच्या कारखान्याची .३१५ची काडतुसं यात चालतील का, असंही काही जण विचारतात. नाही. ते बुडाला रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असलेलं, ऑस्ट्रियन मॅन्लिखर रायफलच्या वंशातलं वेगळंच काडतूस आहे; .३१८ला रिम नाही. आकडे शेजारचे असले तरी नातं काही नाही. तेव्हा इथे कपाटात .३१८ असेल तर तिला तेल-पाणी करून ठेवा. पुढचं आहे ते ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे तिथल्या परवान्यावर नेम मारणाऱ्यांसाठी.

आता नाव. हे काडतूस बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सने १९१०च्या सुमारास बाजारात आणलं. मूळ आकडे असे : २५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २४०० फूट, किंवा १८० ग्रेनची, २७०० फूट. (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड; २५० ग्रेन म्हणजे साधारण १६.२ ग्रॅम.) २५० ग्रेनची गोळी लांब, सडपातळ आणि आकाराच्या मानाने जड, तिच्या खोल घुसण्याचं सगळं गुपित यात आहे. ‘कारामोजो’ बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हत्तींवर ती वापरली ती याच गुणासाठी.

पण .३१८ हा आकडा गोळीचा नाहीच. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारा पीळ असतो, म्हणजे वळत जाणारे चर आणि त्यांच्यामधले उंचवटे. त्यातल्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचं हे माप. गोळी बसते चरांच्या तळापर्यंत, आणि तिचा व्यास आहे .३३० इंच. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत बोलायचं तर नाव आणि गोळी यांत बारा थाऊंचा फरक. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आणि नेमकी .३१८ व्यासाचीच गोळी बाजारात मिळतेही! ती जुन्या जर्मन ८×५७ जे या काडतुसाची. डब्यावर ठळक .३१८ छापलेलं असतं, आणि माणूस खुशीत घेऊन घरी येतो. ती गोळी या नळीत पीळ धरत नाही, बाजूने वायू निसटतो, आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, चावीच्या भोकासारखं छिद्र पडतं. गोळी कोलांट्या खात गेल्याची ती खूण. उलट बाजूला .३३८च्या गोळ्या ढिगाने मिळतात. त्या आठ थाऊंनी जाड. तिथे अचूकतेचा प्रश्न मागे पडतो आणि दाबाचा उभा राहतो. .३३३ जेफरी या दुसऱ्या इंग्रजी काडतुसाच्या गोळीला ‘तीनच थाऊ तर जास्त’ म्हणून सूट देणारेही भेटतात. शंभर वर्षांच्या पोलादावर ती सूट मी देणार नाही.

म्हणून पहिलं काम मोजायचं. मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीच्या तोंडातून आत ठोका आणि पितळी गजाने पार करा. तिच्यावर चरांचा छाप उठतो, तो मायक्रोमीटरने मोजा. चर पाच असतील तर मात्र मायक्रोमीटर गंडवतो, कारण प्रत्येक चरासमोर उंचवटा येतो आणि माप कमी भरतं. तेव्हा तीन टेकूंचा व्ही-अँव्हिल मायक्रोमीटर असलेल्या फिटरकडे जा. चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्याचा, साचा घ्यायला सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, ओतल्यावर आधी आकसतो, आणि थंड झाल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या बरोबर मापाला येतो. मोजायचं ते त्या वेळी. दुसऱ्या दिवशी मोजाल तर तो फुगलेला असतो.

साच्यात थ्रोट, म्हणजे पीळ सुरू होण्याआधीचा भाग, नीट बघा. या रायफलींनी तरुणपण कॉर्डाइटवर काढलेलं असतं. दोरीसारख्या कांड्यांची ती दारू. पहिल्या जातीत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, नंतरच्या एमडी जातीत ३०. जळताना फार तापते, आणि थ्रोट हळूहळू खाते. उन्हात दाबही वाढवते, म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी कमी भरणीची ‘ट्रॉपिकल’ काडतुसं वेगळी निघत. नळीच्या बुडाशी प्रूफच्या (दाब-चाचणीच्या) शिक्क्यांजवळ पुष्कळदा कॉर्डाइटचे ग्रेन आणि गोळीचं कमाल वजन कोरलेलं असतं. तो कॉर्डाइटचा आकडा आजच्या दारूला लावायचा नाही. गोळीच्या वजनाची मर्यादा मात्र आजही पाळायची.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये पुंगळीचा खांदा (तोंडाजवळचा निमुळता उतार) टेकतो ती जागा यांतलं अंतर, एखाद्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या. रायफल माउझर ९८ या जर्मन रायफलच्या धर्तीची असते, आणि जुन्या माउझरचं पोलाद वरून कडक, आतून मऊ. कुणी पूर्वी जास्त भरणीची काडतुसं उडवली असतील तर बोल्टचे कान (त्याला अडवून धरणारे उंचवटे) रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्टच्या घरात, रुतलेले असतात आणि हेडस्पेस वाढलेला दिसतो. अशी रायफल भिंतीवरच शोभते.

आता पुंगळी. कायनॉक या काडतूस-कंपनीच्या जुन्या, उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचा मोह सोडा. त्यांचं प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, बर्डन पद्धतीचं, आतून बारीक दोन भोकं; नेहमीच्या सुईने ते निघत नाही. (बर्डन अमेरिकन, बॉक्सर इंग्रज, आणि अमेरिकेने बॉक्सरचं प्रायमर उचललं, इंग्रजांनी बर्डनचं!) पाण्याच्या दाबाने ते काढता येतं, पण जुन्या प्रायमरमध्ये पारा असला तर तो पितळात मुरून पितळ ठिसूळ झालेलं असतं. वरून काही दिसत नाही, पुढच्या बाराला तडकतं.

.३०-०६च्या कोऱ्या पुंगळ्या घ्या, सगळ्या एकाच लॉटच्या. त्यांची लांबी २.४९४ इंच, आपल्याला हवी २.३९, म्हणजे १०४ थाऊ, एका सुताला थोडं कमी, कापायचे आहेत. पण कापणं शेवटी. आधी निमुळत्या एक्स्पांडरने तोंड .३३८पर्यंत उघडा, म्हणजे मुद्दाम जरा जास्त. मग लॅनोलिनचं वंगण बोटाने पातळ चोळून पुंगळी .३१८च्या डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या पोलादी ठशात, घाला, पण डाय पूर्ण खाली आणू नका. वंगण खांद्यावर जाड लागलं की तिथे पोचा पडतो, आणि अजिबात नसलं की पुंगळी डायमध्ये अशी रुतते की हातोडी घ्यावी लागते.

इथे घाई नको. बोल्टमधून स्ट्रायकर (प्रायमरवर आदळणारी सुई) काढून ठेवा, म्हणजे स्प्रिंगचा जोर हाताला फसवणार नाही. पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करून बघा. अडला, तर डाय अष्टमांश फेरा खाली घ्या. डायला इंचात १४ आटे असतात, म्हणजे अष्टमांश फेऱ्याला साधारण नऊ थाऊ. शेवटी त्याच्याही निम्म्याने जा. बोल्टचा दांडा शेवटच्या टप्प्यात हाताला किंचित जाणवून बंद झाला की डायची नट तिथेच आवळा. पुंगळीचा खांदा आता तुमच्या चेंबरला टेकलेला आहे, कॅटलॉगमधल्या कल्पित चेंबरला नाही. बुडाकडे .३०-०६ किंचित जाड असते. बोल्ट तिथेच अडत असेल तर तो कारागिराचा प्रश्न आहे, मनगटाचा नाही. पहिली एक पुंगळी पूर्ण जमल्याशिवाय पन्नासांना हात लावू नका.

खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला तर काय होतं, ते तीन-चार बारांनी कळतं. बार होताना पुंगळी पुढे-मागे ताणली जाते आणि बुडापासून अर्ध्या इंचाच्या आत बाहेरून एक चमकदार वळं दिसू लागतं. कागदाची क्लिप सरळ करून टोकाला काटकोन द्या, आणि आतल्या भिंतीवरून खालून वर ओढा. वळ्याच्या जागी टोक खाचेत अडखळलं तर ती पुंगळी चिमट्याने चेपून भंगारात टाका. पुढच्या वेळी तिचे दोन तुकडे झाले असते आणि गरम वायू तुमच्या तोंडाकडे आला असता.

तोंड रुंद केल्याने पितळ कडक होतं, म्हणून ॲनील करायचं, म्हणजे तापवून मऊ. पुंगळी बुडापर्यंत पाण्यात उभी ठेवून फक्त तोंड आणि खांदा काही सेकंद ज्योतीत फिरवायचा. लाल होईस्तोवर थांबलात तर ती गेली. बूड कधीही तापू द्यायचं नाही. सगळा दाब तेच झेलतं. मग कापा, कडा साफ करा, आणि तोंडाच्या भिंतीची जाडी मोजा. गोळी बसवल्यावर तोंडाचा बाहेरचा व्यास साच्यातल्या मापापेक्षा दोन-तीन थाऊ तरी कमी हवा. जागाच नसेल तर बार होताना तोंड फुलत नाही, गोळी अडकून राहते आणि दाब भडकतो. कारण माहीत नसलेला माणूस दारू कमी करत बसतो.

दारूचं वजन मी मुद्दाम देत नाही. ते गोळी, पुंगळीची आतली जागा, थ्रोट आणि दारूचा लॉट या चौघांवर ठरतं. प्रकाशित तक्त्यातून तुमच्याच गोळीची सुरुवातीची भरणी घ्या. ४३५० जातीची, मध्यम ते संथ जळणारी दारू या काडतुसाला मानवते. शिवाय ती पुंगळीचा अर्ध्याहून जास्त भाग भरते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तर ओतूच जाते. तरी पन्नासही पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या करून टॉर्च मारून बघाच. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जा. तक्त्यातल्या किमान आकड्याच्या खालीही जायचं नाही : संथ दारू फार कमी भरली तर कधीकधी दाब उलट उसळतो.

प्रायमर लार्ज रायफल, बुडाच्या पातळीपेक्षा दोन ते पाच थाऊ आत. दाबाची लक्षणं शोधताना एक लक्षात ठेवा : माउझरच्या बोल्टच्या तोंडावर रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा दट्ट्याचा इजेक्टर नसतो, त्यामुळे बुडावर गोल चकचकीत खूण उमटायची वाट बघाल तर ती कधी येणारच नाही. प्रायमर सपाट होईपर्यंत उशीर झालेला असतो. बोल्ट उचलताना जड लागला, किंवा तक्त्यातला वेग कमी दारूतच क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दिसला, की तिथेच थांबा.

आणि गोळी. .३३०ची जॅकेटवाली गोळी मोजके कारखाने करतात. आधी ती मिळवा, मग बाकीचा खर्च करा. मोठी गोळी डायमधून दाबून लहान करण्याची युक्ती चालते, पण अर्धवट : तांब्याचं जॅकेट दाब काढल्यावर किंचित मागे उसळतं, शिसं उसळत नाही, आणि आतला गाभा सैल होतो. मग नेम विखुरतो आणि दोष बिचाऱ्या नळीला. अखंड तांब्याच्या गोळ्या अशा दाबूच नका. आकार गोल नाकाचाच घ्या, कारण मॅगझिनची वाट त्याच्यासाठी घासलेली आहे. टोकदार गोळी उतारावर अडते. काडतुसाची एकूण लांबी ३.४० इंचांच्या आत ठेवा, आणि गोळीवर खाच असेल तर तिथे पुंगळीचं तोंड आत दाबून हलकं क्रिंप द्या, नाहीतर धक्क्याने मॅगझिनमधल्या गोळ्या आत सरकतात.

२४०० फुटांच्या मागे धावू नका. तो आकडा लांब चाचणी-नळीतला. तुमच्या नळीतून २३००च्या आसपास, एकसारखा, मिळाला तर पुष्कळ. रायफलवरच्या नेमाच्या उभ्या पट्ट्या मूळ काडतुसाच्या मारावर घासून बसवलेल्या आहेत. २५० ग्रेनच्या गोळीने १०० यार्डांवर पहिल्या पट्टीशी जुळणारी भरणी सापडली की तीच वहीत तारखेसह, दारूच्या लॉट नंबरासह लिहा. नवा डबा फोडलात की पुन्हा सुरुवातीच्या भरणीपासून.