भिंतीतला खिळा

कला महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा वाटलं होतं, इथे फक्त चित्रं काढायची. चित्रांवर लिहायचंही असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. दर आठवड्याला एक कलाकृती निवडायची आणि तिच्याकडे बघून आपल्याला काय वाटलं ते स्केचबुकात लिहायचं. पहिला महिनाभर माझ्या वहीतली झाडून सगळी चित्रं 'भावगर्भ' होती आणि सगळ्यांची रंगसंगती 'मनाला प्रसन्न करणारी'. मग एका पानाखाली मॅडमनी लाल पेनने लिहिलं, "हे चित्र न बघताही लिहिता आलं असतं."

राग आला. खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

पुढच्या आठवड्यात डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई घेतली. १६६० च्या आसपासचं चित्र, सध्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असतं. मी ते पाहिलं आहे फक्त पडद्यावर. तिचा निळा एप्रन, पावावर पडलेले उजेडाचे ठिपके, दुधाची ती बारीक धार, यांवर लोकांनी भरभरून लिहिलंय आणि ते योग्यच आहे. मी मात्र चित्र मोठं करत करत भलतीकडेच भरकटले आणि वर, रिकाम्या भिंतीवर, मला एक खिळा सापडला. त्याला काही टांगलेलं नाही. खिळा, त्याची इवलीशी सावली, आणि भिंतीला पडलेली भोकं, जणू पूर्वी तिथेही कुणी खिळे ठोकून मग उपटून काढले असावेत.

म्हटलं, चला, हा खिळाच काढू. पाच मिनिटांचं काम.

पहिला खिळा माशीसारखा दिसला. दुसरा स्वल्पविरामासारखा. फोर बी पेन्सिल ठेवून एचबी घेतली, सावली लांबवली, मग आखूड केली. अख्खं पान खिळ्यांनी भरलं, तरी एकही भिंतीत घुसायला तयार नाही, सगळे कागदावर नुसते पडून. चूक खिळ्यात नव्हतीच, हे फार उशिरा कळलं. मी भिंत काढलीच नव्हती. कोरा पांढरा कागद म्हणजे पांढरी भिंत, असं परस्पर ठरवून टाकलं होतं. व्हर्मीरची भिंत खिडकीच्या लगत चक्क काळपट आहे आणि खिडकीपासून दूर जाताना उजळत जाते. उलटं वाटतं, पण माझ्या खोलीत उठून पाहिलं तर तिथेही तसंच होतं. ज्या भिंतीत खिडकी आहे तिला चिकटलेल्या कोपऱ्यापर्यंत उजेड धड पोचतच नाही. इतकी वर्षं त्या खोलीत राहते मी!

दुसरा धक्का मापाचा. मनात मी ते चित्र दरवाजाएवढं धरलं होतं. ते आहे साधारण ४५ बाय ४१ सेंटिमीटर. चिकटपट्टीने तेवढा चौकोन भिंतीवर आखला आणि बघत बसले. एवढ्याशा जागेत बाई, टेबल, खिडकी, टोपली, आणि वर एका खिळ्याची चैन!

२०२२ मध्ये संग्रहालयाने जाहीर केलं की तपासणीत रंगाच्या थराखाली आणखी काही दिसलंय. बाईच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी मुठीची भांडी टांगायची फळी रेखाटली होती आणि नंतर ती रंगाखाली गाडून टाकली. हे वाचून मी हसलेच. एवढी फळी भांड्यांसकट गेली आणि खिळा राहिला. मी असते तर? फळी ठेवली असती. काढलेलं खोडवत नाही माझ्याच्याने, त्यात तास गेलेले असतात.

आता खोडच लागली आहे. जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०२ चा जलरंगातला ससा घ्या. सगळे त्याच्या केसांवर फिदा, मी त्याच्या डोळ्यात अडकले. त्या डोळ्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब आहे. म्हणजे ससा रानात नाही, खोलीत आहे! ड्यूररने माणसांच्या डोळ्यांतही अशा खिडक्या रंगवल्या आहेत, तेव्हा ती नुसती हाताची सवयही असेल. तरी मला तो ससा खोलीतच हवा आहे, कान टवकारून, पळायची वाट कुठे आहे ते जोखत बसलेला.

मोनालिसाबद्दल अजून काही वाटत नाही. वहीत तसंच लिहिलंय, एका ओळीत.

परवा मॅडमनी वही मागितली. खिळ्यांचं पान, मग भिंतीची चार पानं, नुसत्या करड्या छटा, काही ठिकाणी खोडरबराने कागद सोलवटलेला. त्यांनी सावकाश सगळी पानं उलटली, मग पुन्हा मागे आल्या.

"आणि बाई कुठे आहे?"

"भिंत झाली की घेते, मॅडम."

त्यांनी लाल पेन उघडलं, पानाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.