कूतच्या कोठारात धान्य किती होतं?

"सर, ही माणसं हिटलरशी लढायला गेली होती का?"

बारावीचा तास सुरू व्हायच्या आधीच एका मुलीनं मोबाइल पुढं केला. फोटोत तिच्या गावच्या चावडीतली संगमरवरी पाटी. आमच्या सातारा भागात अशा पाट्या बऱ्याच गावांत दिसतात. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. मजकूर इंग्रजी, आकडे दोन आणि नाव एकाचंही नाही.

हिटलर तेव्हा जर्मन सैन्यात एक साधा शिपाई होता म्हटल्यावर वर्ग हसला. पण "मग कुणाशी?" हे राहिलंच. तिच्या गावचे नक्की कुठं गेले ते पाटी सांगत नाही. मराठा पलटणीत असतील तर मात्र इराकमधल्या बसऱ्याकडं, तुर्कांशी लढायला, गेले असण्याची शक्यता दांडगी. फ्रान्समधले खंदक त्या दिवसापुरते बाजूला ठेवले आणि फळ्यावर टायग्रिस नदी काढली.

नोव्हेंबर १९१४मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे 'पुणे' डिव्हिजन, इराकच्या तोंडाशी फाओला उतरली. काम मर्यादित होतं. शेजारच्या इराणातल्या अबादानचा तेलाचा कारखाना आणि नळ सांभाळायचे, बसरा हातात ठेवायचं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी या डिव्हिजनमध्ये होत्या. बसरा पडलं, मग जून १९१५मध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये टायग्रिसकाठचं कूत. प्रत्येक विजय "आणखी थोडं पुढं" म्हणत राहिला. तिकडं तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत हात पोळले होते, लंडनला कुठंतरी एक बातमी हवी होती. बगदाद ही बातमी झकास दिसत होती. वरिष्ठ सेनापती निक्सन उतावीळ, डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड मनातून नाखूश. ऑक्टोबरमध्ये मंजुरी आली. बगदाद बसऱ्यापासून नदीच्या वळणांनी जवळजवळ ८०० किलोमीटर, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी मोजक्याच. माझ्या मते खरी चूक इथंच झाली. पुढचं सगळं तिचं व्याज.

नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडं टेसिफोनला चार हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. जखमींना टायर-स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं, आगबोटीत कोंबलं. बसऱ्याला मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं अशी एक बोट येताना पाहिली. तिच्या कडेला दोर लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती. जखमींना जागचं हलता येत नव्हतं. हे सांगताना मी मागच्या बाकाकडं बघत होतो. तिथं नेहमी कुजबुज असते, त्या दिवशी नव्हती.

उरलेलं सैन्य मागं फिरून कूतमध्ये शिरलं आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. टाउनशेंडनं कळवलं की शिधा एक-दोन महिनेच पुरेल. म्हणून सुटकेला निघालेल्या फौजेनं जमवाजमव पुरी व्हायच्या आत जानेवारीतच हल्ले सुरू केले. पलटणी अर्धवट, तोफा कमी, दवाखाने मागं राहिलेले. मग जानेवारी संपता संपता गावात घरोघर झडती घेतली, तर धान्य निघालं. तेव्हा कुठं कळलं की आणखी बरेच दिवस काढता येतील.

"सर, म्हणजे आधी माल मोजलाच नव्हता?" मागच्या बाकावरून आवाज आला. हा मुलगा दुपारी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. "आमच्यात दिवाळीआधी गोडाऊन मोजल्याशिवाय पप्पा होलसेलवाल्याला फोनच करत नाहीत."

त्यापुढं मी काय बोलणार? ज्यांना सोडवायचं होतं त्यांच्या जवळजवळ दुप्पट माणसं सोडवायच्या नादात गेली. मृत आणि जखमी मिळून सुमारे २३ हजार. घोड्याचं मांस खायला बऱ्याच हिंदी शिपायांनी नकार दिला. ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या. विमानातून पोती टाकली, त्यांतली काही नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ला कूतनं शरणागती पत्करली. कैद झालेले शिपाई वाळवंटातून पायी गेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला.

"मग तुर्क जिंकले की," ती मुलगी म्हणाली. जिंकले, आणि त्यांनीही तेच केलं. विजयाच्या भरात एक अख्खी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांचं सैन्य, इराणात धाडली. इकडं नदीवरची फळी पातळ झाली, आणि नव्या ब्रिटिश सेनापतीनं, मॉडनं, बोटी, रेल्वे, दवाखाने यांची नीट बेगमी करून ११ मार्च १९१७ला बगदाद घेतलं. त्यानं जर्मनी हरली नाही, ती फ्रान्समध्येच हरली. युद्ध संपेपर्यंत लाखो माणसं मात्र या बाजूच्या आघाडीवर अडकून पडली.

घंटा झाली तरी कुणी उठेना, म्हणून शेवटचं सांगून टाकलं. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे या इराकच्या मोहिमेतल्या, हेळसांडीवर चौकशी आयोग बसला, १९१७मध्ये अहवाल आला, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्टला त्यांनी भारताला जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली.

"हे तर दुसऱ्या धड्यात आहे सर!"

तेव्हापासून मी ते दोन्ही धडे लागोपाठ घेतो. एक तास जादा जातो. पोर्शनचं बघू मागून.